आण्णांच्या कॉम्प्युटरला सीटा किती?

रिटायर झालेल्या माणसाकडं दुसरं काही साचो न साचो, किस्से साचतात. घरातल्या रिकाम्या बरण्यांसारखं असतं ते. टाकून देववत नाहीत आणि ठेवायला जागा नाही! आमचे बहुतेक किस्से एसटीतले. पण गेल्या दिवाळीपासून त्यांत भलतीच भर पडली. रॅम, मदरबोर्ड, प्रोसेसर असले शब्द आमच्या तोंडात आले. ते नेमकं काय असतं हे आजही आम्हा चौघांपैकी एकालाही धड सांगता येणार नाही. तरी एकेक पार्ट निवडून आम्ही आख्खा कॉम्प्युटर जोडला. चालतोय. कसा, ते विचारू नका.

चौघं म्हणजे कोण ते सांगतो. मी धाराशिव स्टँडवर कंट्रोलर होतो, म्हणजे माईकवरून गाड्या पुकारणारा. आण्णा ड्रायव्हर, बप्पा त्यांच्याच गाडीवरचा कंडक्टर आणि रशीदभाई वर्कशॉपचे मेकॅनिक. सगळे रिटायर. तरी सकाळी स्टँडसमोरच्या हॉटेलात चहाला जमतोच. समोरून एखादी गाडी लेट आली की चौघंही एकदम घड्याळाकडं बघतो. सवय!

*

आधी आण्णांची अडचण सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं म्हाताऱ्यांचे चाळे वाटतील.

आण्णांचा मुलगा पुण्यात असतो. नातू इशान पाचवीत. तो लहान होता तेव्हा सुट्टीत आला की घरातल्या पलंगाची एसटी व्हायची. आण्णा उशीला टेकून जेवणाचं ताट फिरवायचे, पोरगं दारात उभं राहून हात दाखवायचं आणि गाडी थांबायची. दिवसभर तेच.

गेल्या दिवाळीत मात्र इशान आला तो कानाला हेडफोन लावूनच. बापाचा लॅपटॉप उघडला आणि गेममध्ये गेला. त्याच्या टीमशी तोंड भरून बोलायचा. आण्णांनी काही विचारलं की “हो,” “नाही,” “बरं.” पुण्याला परत गेल्यावर फोनवरही तेच तीन शब्द. आण्णांना ते फार लागलं. बोलून दाखवत नव्हते, पण चहा अर्धा ठेवून उठायला लागले.

दिवाळीतच एकदा त्यांनी इशानला विचारलं होतं, “मला घे की रं तुझ्या टीममधी.”

त्यावर इशान, आण्णांच्या म्हणण्याप्रमाणं, त्या सुट्टीतलं सगळ्यात मोठं वाक्य बोलला. “आजोबा, त्याला पीसी लागतो, तुमच्या मोबाईलवर नाही चालणार, आणि पीसीत ग्राफिक कार्ड पाहिजे!”

आण्णांनी ते वाक्य पाठ करून ठेवलं. मग एका सकाळी चहाला आले आणि खुर्चीत बसायच्या आत म्हणाले, “ग्राफिक कार्ड घ्यायचंय.”

“ते कशाला असतंय?” बप्पानं विचारलं.

“म्हायीत न्हाई. पण घ्यायचंय!”

*

आण्णा माणूस कसा आहे, त्यासाठी एक जुना किस्सा मध्येच घालतो.

आण्णांची गाडी कधी वेळेवर आली असेल तर तो माझ्या आठवणीत राहिलेला दिवस नाही. कारण एकच. रस्त्यावर कुणीही हात दाखवला की हे थांबणार. थांबा असो नसो, गाडी भरलेली असो, मागं बप्पा ओरडत असो. इकडं मी माईकवरून “गाडी थोड्याच वेळात येत आहे” सांगून सांगून दमायचो आणि लोक मला शिव्या द्यायचे.

एकदा भूमची गाडी इतकी उशिरा आली की मी आण्णांना केबिनमध्ये बोलावून घेतलं. “थांबा नव्हता तिथं कामून थांबलात?”

“हात दाखवला त्यानं.”

“कुणी?”

“म्हायीत न्हाई. बसलाच न्हाई तो,” आण्णा शांतपणे म्हणाले. “माशा हाकलत हुता.”

*

तर कॉम्प्युटर. मेन रोडच्या मागच्या गल्लीत एक दुकान आहे. शिल्पा नावाची मुलगी ते चालवते. आम्ही चौघं एकदमच आत शिरलो. तिला वाटलं वर्गणी मागायला आलेत.

“बोला काका.”

“गाडी बांधायचीय,” रशीदभाई म्हणाले. मग घाईनं, “म्हंजे, कॉम्प्युटर!”

तिनं बसवून घेतलं आणि समजावायला सुरुवात केली. हा प्रोसेसर, हा मदरबोर्ड, ही एसएसडी, यात सामान साठतं. मी मान हलवत होतो. अनुभवानं सांगतो, काही कळत नसलं की माणूस जास्त मान हलवतो. मग ती रॅमवर आली. रॅम जास्त असली की एका वेळी जास्त कामं चालतात, खोळंबा होत नाही, असं ती म्हणाली आणि बप्पाचे डोळे एकदम उजळले.

“म्हंजे सीटा!”

“हं… तसं म्हणा,” शिल्पा म्हणाली. “सोळाची घ्या काका. पुरेल.”

“सोळा बसून. आन् उभं राहून किती?”

शिल्पानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. “काका, उभं राहून नसतं यात.”

बप्पाला ते पटेना. हातातली रॅमची पट्टी त्यानं उलटीसुलटी करून बघितली आणि फार काळजीनं विचारलं, “मग नवरात्रात तुळजापूरची गर्दी आली म्हंजे काय करता तुमी?”

*

रशीदभाईंचं म्हणणं वेगळंच होतं. त्यांच्या मते नवीन काही घ्यायचीच गरज नव्हती.

वर्कशॉपची रीत तशी आहे. एखादी गाडी कायमची उभी राहिली की तिचं एकेक सामान निघून दुसऱ्या गाडीला लागतं. “मरी हुई गाडी चार गाड्या जगवती, भाई!” हे रशीदभाईंचं आवडतं वाक्य. त्यामुळं पुढच्या खेपेला ते पुतण्याच्या बंद पडलेल्या सायबर कॅफेतला एक जुना प्रोसेसर रुमालात गुंडाळून घेऊन आले. दुकानात रुमाल उलगडला आणि शिल्पासमोर ठेवला, एखादा दागिना ठेवावा तसा.

“ये बसव. कंपनी वहीच हाय, मी वाचलं.”

“कंपनी तीच आहे काका, पण या बोर्डावर बसणार नाही.”

“बसंल की! जरा कानस मारू.”

“अहो, कानस नका मारू!” ती घाबरली. “एकाच कंपनीचे असले तरी पिढी वेगळी आहे. हा जुन्या पिढीचा. नव्या बोर्डावर तो बसतच नाही.”

रशीदभाई हिरमुसले. “एकाच घरचे, आन् बसत न्हाई? कैसा क्या?”

“त्यात काय नवल?” बप्पा फटकन बोलला. “आण्णाचं आन् नातवाचं तेच की!”

बोलून गेला आणि मग त्यालाच कसंतरी झालं. आण्णा तो जुना प्रोसेसर उचलून बघत बसले. मग हळूच शिल्पाला म्हणाले, “बाई, काईच विलाज नसतो का?”

तिला मागचं काही माहीत नव्हतं. ती म्हणाली, “बोर्ड बदलायचा काका. जुन्याला नवीन बोर्डावर आणता येत नाही.”

त्या दिवशी चहाचं बिल बप्पानं दिलं. त्याच्या आयुष्यात हे क्वचित घडतं.

*

आता माझी फजिती. वीजपुरवठ्याचा जो डबा असतो तो किती वॅटचा घ्यायचा, हा प्रश्न आला. मोबाईलवर मी व्हिडिओ बघितले. एक जण म्हणाला, हाच घ्या. दुसरा म्हणाला, काहीही घ्या पण हा घेऊ नका. तिसरा इतक्या जोरात ओरडत होता की मी पुढं बघितलंच नाही. जितके व्हिडिओ बघावेत तितका गोंधळ वाढत होता.

पण सगळ्यांनी ठरवलं होतं की निर्णय कंट्रोलरचा. आयुष्यभर मी खात्री नसताना गाड्या पुकारल्यात. त्याच सुरात जाहीर केलं, “साडेपाचशे वॅट!”

“वा!” आण्णा म्हणाले. “ह्याला म्हणतेत अभ्यास.”

घरी आलो. साडेपाचशे मी कुठून काढले ते मलाच ठाऊक नव्हतं. आमची ही स्वयंपाकघरात चटणी वाटत होती. तिला म्हणालो, “अगं, वॅट म्हणजे काय असतं नेमकं?”

“मला काय म्हाईत? आपला मिक्सर साडेसातशेचा आहे. डब्यावर लिहिलंय.”

“आण्णांना साडेपाचशे सांगितलं.”

तिनं मिक्सर बंद केला. “पुण्यापर्यंत जायचंय ना त्यांना? आणि चटणीपेक्षा कमी?”

सकाळी मी घसा साफ करून निर्णय फिरवला. “सर्व प्रवाशांनी नोंद घ्यावी, साडेसातशे!” शिल्पानं मागवलेल्या ग्राफिक कार्डाची माहिती वाचली, काहीतरी हिशेब केला आणि म्हणाली, “काका, अगदी बरोबर निवडलंत! साडेपाचशेचा कमी पडला असता.”

का बरोबर, ते मी आजतागायत विचारलेलं नाही. उगाच कशाला?

*

ग्राफिक कार्ड आलं त्या दिवशी आण्णा पाकीट उघडून बसले होते. कार्ड म्हटल्यावर त्यांनी बसच्या पासाएवढी जागा करून ठेवली होती! शिल्पानं पंखे लावलेली विटेएवढी वस्तू टेबलावर ठेवली. आण्णांनी पाकीट हळूच खिशात घातलं.

पंचाईत ही झाली की तोवर कॅबिनेट, म्हणजे सगळे पार्ट ज्यात बसतात ती पेटी, कमलवहिनींनी पसंत करून ठेवली होती. वहिनी म्हणजे आण्णांच्या सौभाग्यवती. त्यांनी देव्हाऱ्याशेजारच्या स्टुलावर मावेल अशी लहानखुरी पेटी निवडली होती. तिच्यात ती वीट काही केल्या जाईना. मोठी पेटी एकच शिल्लक होती. एका बाजूला काच, आत लाल-निळे दिवे.

वहिनींनी ती बघितली आणि पदर नीट केला. “हे असलं देवाशेजारी? आतलं समदं दिसतंय की त्याचं!”

*

जोडणी घरीच करायची हा आण्णांचा हट्ट. “म्या स्वतः जोडला म्हणून सांगायचंय इशानला.” शिल्पा दुकानातून व्हिडिओ कॉलवर, रशीदभाई स्क्रू पिळायला, आण्णा पार्ट द्यायला आणि मी मोबाईल धरायला. माझा हात हलला की शिल्पाला पंखाच दिसायचा.

सगळं बरं चाललं होतं. मग प्रोसेसरवर लावायची ती पेस्ट आली, गरमी वाहून नेणारी.

“वाटाण्याएवढी घ्या,” शिल्पा म्हणाली.

ती लावायचं काम बप्पाकडं. त्यानं ट्यूब थांबवली. बप्पा कळंबकडचा, घरची शेती. “बाई, आमच्याकडं वाटाणा होत न्हाई. हरभऱ्याएवढी चालंल का?”

“चालेल काका.”

“वाळलेला का भिजलेला?”

“…वाळलेला.”

बप्पानं ट्यूब टेकवली आणि परत उचलली.

“गावरान का काबुली?”

पलीकडून कॉलच कट झाला. रेंज गेली असावी असं मी समजतो.

*

पहिल्याच दमात मशीन चालू झालं! दिवे लागले, पंखे फिरले, कमलवहिनींनी नारळ फोडला. त्यानंतर शिल्पा म्हणाली की आता ड्रायव्हर टाकावे लागतील. त्यावर आण्णा काय म्हणाले असतील ते तुम्ही ओळखलंच असणार, म्हणून तो किस्सा सोडून देतो.

पण महिनाभरात ऊन तापलं आणि मशीन आपोआप बंद पडायला लागलं. आण्णा हवालदिल. इशानची परीक्षा संपली की “मला टीममध्ये घे” असं त्याला म्हणायचं ठरलं होतं, आणि इकडं गाडी मार्गातच ब्रेकडाऊन!

आम्ही धावत गेलो. रशीदभाईंनी पेटीवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढला. “इंजन गरम हो गया. पाणी आणा!”

“पाणी?” मी ओरडलो.

“शिल्पा बोली हुती, पाण्याचा कूलर बी असतोय, रेडिएटर रहता बोलके!”

“असतो, पण आपण घेतलेला नाही!”

रशीदभाई तांब्या घेऊन उभे. मी त्यांचा हात धरून उभा. बप्पा पुस्तिका उलटी धरून वाचतोय. तेवढ्यात कमलवहिनी आतून आल्या. त्यांनी पेटीवरचा क्रोशाचा रुमाल नीट केला. वरून खालपर्यंत, चारी बाजूंनी, मोत्यांच्या झालरीचा. फ्रिजला होता, मिक्सरला होता, तसाच यालाही त्यांनी हौसेनं विणला होता. दिवे दिसू नयेत म्हणून टाके जरा दाटच घातले होते.

“वहिनी,” मी म्हणालो, “ह्याला श्वास कुठनं मिळणार?”

“आता बया! तो श्वास बी घेतोय?” वहिनी म्हणाल्या. रुमाल काढला. पण त्या दिवसापासून काचेच्या बाजूला पाठ करून बसतात.

*

आता शेवटचं. हे मी चहाच्या टेबलावर कधी पूर्ण सांगू शकलेलो नाही.

इशानची परीक्षा संपली आणि त्यानं आण्णांना टीममध्ये घ्यायचं कबूल केलं. संध्याकाळी आण्णा हेडफोन लावून बसले. आवाज आम्हालाही ऐकू यावा म्हणून स्पीकर चालू ठेवला होता. आम्ही तिघं मागं उभे. गेम असा की एक बेट, त्यावर पुष्कळ टोळ्या, एकमेकांना गोळ्या घालायच्या, शेवटपर्यंत जो उरेल तो जिंकला. इशानच्या टीममध्ये त्याचे दोन मित्र आणि चौथे आण्णा. इशानच्या माणसाच्या डोक्यावर पिवळं हेल्मेट. आण्णांना बंदूक काही जमेना. म्हणून इशान म्हणाला, “आजोबा, तुम्ही जीप चालवा.”

आण्णा ताठ बसले. चारही जण जीपमध्ये चढल्यावर विचारलं, “सगळे बसले का?”

“डबल बेल दिली, जाऊ द्या!” मागून बप्पा ओरडला.

काय गाडी चालवली म्हणून सांगू! येडशीच्या घाटातून उतरावी तशी. वळणावर हॉर्न, उतारावर वेग कमी. इशान सारखा बोलत होता. “आजोबा, लेफ्ट! भारी! आजोबा, आता सरळ!” दिवाळीपासूनचे तीन शब्द कुठल्या कुठं गेले होते. वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. आता थोडीच माणसं उरली होती. इशानची टीम पहिल्यांदाच जिंकायला आली होती, असं तो मित्रांना सांगत होता.

आणि रस्त्याच्या कडेला एक माणूस उभा होता. त्यानं हात वर केला.

आण्णांनी गाडी थांबवली.

त्यानं चौघांनाही तिथंच गोळ्या घातल्या. स्क्रीन काळी झाली.

“आजोबा!” इशान किंचाळला. “थांबलात कशाला? तो एनिमी होता!”

“हात दाखवला त्यानं,” आण्णा म्हणाले.

मित्रांपैकी कुणीतरी हसलं. मग इशान नुसतं “बरं” म्हणाला आणि आवाज बंद झाला.

आण्णांनी हेडफोन काढून नीट गुंडाळून ठेवला. “संपलं,” म्हणाले. “आता कशाला बोलावतोय तो मला.” वहिनींनी चहा विचारला, कुणी घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी आण्णा हॉटेलवर आले नाहीत. संध्याकाळी आम्ही तिघं त्यांच्या घरी गेलो, म्हटलं निदान सोबत बसू. दार उघडंच होतं. वहिनींनी ओठांवर बोट ठेवलं.

आण्णा मशीनसमोर बसले होते. पडद्यावर तेच बेट, तीच जीप. गाडी रिकामी होती. रस्त्यावर दुसरं कुणी दिसत नव्हतं. आण्णा सावकाश चालवत होते आणि कडेकडेनं बघत होते.

लांब वळणावर एक जण उभा होता. पिवळं हेल्मेट. त्यानं हात वर केला.

आण्णांनी जीप अगदी त्याच्याजवळ नेऊन थांबवली. घसा खाकरला. “कुठं जायचंय?”

स्पीकरमधून आवाज आला, “एक हाफ, धाराशिव.”